साडेनऊशे क्युसेक काळीज

माढा तालुक्यात पाण्याचा हिशेब शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असतो. उजनी धरण किती टक्के, दौंडहून विसर्ग किती, आवर्तन कधी सुटणार. तेव्हा काळजाचा हिशेबही पाण्याच्याच मापानं मांडून बघू.

स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं. एक क्युसेक म्हणजे मिनिटाला १,७०० लिटर, म्हणजे ३४० माणसांचं काम. २०११च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या ३,२४,०२७ होती. लेकरांची हृदयं लहान, हे कबूल. पण अदमासच घ्यायचा तर कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मोडनिंब, माढा धरून तालुक्याच्या छातीतून रात्रंदिवस साडेनऊशे क्युसेक विसर्ग चालू असतो. मृतसाठ्यासह ११७ टीएमसीची उजनी या धारेनं चार वर्षांच्या आत काठोकाठ भरेल.

या पंपाची कळ मनाच्या हातात असते, हे आपल्या भाषेला आधीपासून माहीत आहे. ‘त्यानं धसका घेतला’, ‘पोरगा गेला आणि म्हातारीनं हाय खाल्ली’ असं आपण म्हणतोच. किल्लारीच्या भूकंपानंतर चार महिन्यांत, १७ जानेवारी १९९४ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ धरणी हादरली. तिथं हृदयविकारानं अचानक मरणारे रोज सरासरी ४.६ असत, त्या दिवशी २४ गेले. २००६च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाचे तातडीचे रुग्ण २.६६ पट झाले. संतापाच्या भडक्यानंतर दोन तास हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जवळपास पावणेपाच पट असतो. आणि जिवलग माणूस गेल्याचं कळल्यावर पहिल्या चोवीस तासांत? एकवीस पट.

एकवीस पट ऐकून छातीत धस्स होतं खरं, पण पट कशाची हे विचारायला हवं. ज्याला पुढच्या दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता शंभरात पाच, अशा १,३९४ माणसांवर असं दुःख कोसळलं, तर आठवड्याभरात त्यांच्यात एक झटका जास्तीचा येतो. शक्यता शंभरात वीस असेल, तर ३२० माणसांमागे एक. धसका वळवासारखा असतो. दणका मोठा, पण वळवानं उजनी भरत नाही.

भरते ती रोजच्या काळजीनं. धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेलं की ऊस वाळतो, बँकेची नोटीस येते, लेकीचं लग्न पुढं ढकललं जातं. हा एका दिवसाचा धसका नव्हे. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक महिनोन्‌महिने चढं राहतं, रक्तदाब आणि साखर त्याच्यामागून जातात, झोप उडते. माणूस तंबाखूची पुडी वाढवतो आणि बीपीची गोळी विसरतो.

याचा आकडा २००४ साली ‘इंटरहार्ट’ अभ्यासानं मांडला. ५२ देश, जवळपास तीस हजार माणसं; त्यांतल्या १५,१५२ जणांना पहिला झटका आलेला. मानसिक-सामाजिक ताणाच्या खात्यावर ३२.५ टक्के झटके निघाले. त्याच हिशेबात उच्च रक्तदाबाचे १७.९ आणि मधुमेहाचे ९.९. (ही खाती एकमेकांत मिसळलेली असतात, बेरीज करायला जाऊ नका.) झटका येऊन गेलेल्या माणसाला ‘तुम्हाला टेन्शन होतं का’ विचारलं, तर तो हो म्हणणारच, म्हणून मी त्यातून थोडं वजा धरतो. तरीही आकडा लहान होत नाही. शिवाय त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जिव्हारी लागते: दक्षिण आशियात पहिला झटका मध्यमानानं ५३व्या वर्षी येतो, बाकीच्या देशांत जवळपास ५९व्या. नातवंडाचं तोंड बघायचा काळ तो.

जगात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी २०१९मध्ये सुमारे १ कोटी ७९ लाख माणसं गेली. रोज ४९ हजार. म्हणजे अख्खा माढा तालुका सात दिवसांच्या आत रिकामा.

रक्तदाबाचा पट्टा कुठल्याही दवाखान्यात दंडाला बांधतात. काळजी मोजायला मात्र माणूस लागतो, आणि देशात लाख लोकांमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ, असा २०१९चा एक अंदाज आहे. त्या मापानं माढ्याच्या वाट्याला अडीचही येत नाहीत. उजनीचा टक्का मात्र रोज सकाळी मोबाईलवर येतो, दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांसकट.