दम्याची सूज फुंकरीवरून कळते



ऊस बाहेरून कितीही तरारलेला दिसो, ब्रिक्स पाहिल्याशिवाय आम्ही तोडीचा कार्यक्रम लावत नाही. बुडख्याचा नि शेंड्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवला की आतली गोष्ट कळते. दम्याचेही तसेच आहे. गेल्या हंगामात एक सभासद गट ऑफिसात म्हणाले, "साहेब, तीन महिने धाप नाही, पंप सोडून दिला." पुढे शेजारच्या फडात पाचट पेटले आणि त्यांना रात्रीच दवाखान्यात न्यावे लागले. (पाचट जाळू नका, हे आम्ही सांगून थकलो, ते असो.) धाप थांबली होती, पण श्वासनलिकेची सूज आत तशीच होती.

ही सूज आता फुंकरीवरून मोजता येते. ॲलर्जीच्या दम्यात श्वासनलिकेचे अस्तर सुजते, तेव्हा त्यातील पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू जास्त तयार करतात. तो उच्छ्वासातून बाहेर पडतो. माणसाच्या उच्छ्वासात हा वायू असतो हे स्वीडनमधील संशोधकांनी १९९१ साली दाखवले. दमेकऱ्यांत तो जास्त सापडतो हे १९९३ साली पुढे आले.

सुई नाही, रक्त नाही. खोल श्वास घेऊन यंत्राच्या नळीत सुमारे १० सेकंद एकसारखी, सावकाश फुंकर घालायची. चुलीत फुंकणीने फुंकतो तसा जोर इथे चालत नाही. अब्ज भागांत वायूचे किती भाग, तो आकडा यंत्र दाखवते. प्रौढांत २५ च्या खाली कमी, ५० च्या वर जास्त. मधल्या आकड्याचा अर्थ लक्षणे पाहूनच लावावा लागतो. आकडा जास्त असेल तर स्टेरॉइडच्या पंपाचा गुण येण्याची शक्यता चांगली. पंप चालू असूनही आकडा चढा राहिला, तर तो नियमित व नीट ओढला जातो का, हे डॉक्टर आधी पाहतात.

मात्र आकडा कमी म्हणजे दमा नाही, असे समजू नये. विडी-सिगारेटने आकडा उतरतो. उलट ॲलर्जीच्या सर्दीने तो चढतो, आणि नायट्रेट जास्त असलेल्या पालक-बीटनेही. म्हणून असे काही असल्यास आधीच सांगावे. फुप्फुसातून हवा किती व किती वेगाने बाहेर पडते, ती तपासणी वेगळी, तीही लागतेच.

तपासणीसाठी म्हणून आपल्या मनाने पंप बंद करू नये. उलट तो बरोबर न्यावा, म्हणजे आपण तो कसा ओढता हे डॉक्टरांना दाखवता येईल.