हेदवीतील निवासव्यवस्थेचे संकेतस्थळ : मूल्यमापनाचा एक निकष

छोट्या व्यवसायाच्या संकेतस्थळाचे मूल्यमापन त्याच्या देखणेपणावरून न करता, ते वाचूनही ग्राहकाला दूरध्वनीवर काय विचारावे लागते, यावरून करावे. गुहागर तालुक्यातील हेदवी येथे दशभुज गणेशाचे मंदिर व बामणघळ पाहण्यास पर्यटक येतात. घळीतून उसळणारे पाणी भरतीच्या सुमारासच दिसते आणि भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून तेथील निवासव्यवस्थेच्या मुखपृष्ठावर सरकत्या छायाचित्रांपेक्षा (ती क्षीण मोबाइल जोडणीवर उघडतानाच रेंगाळतात) त्या आठवड्यातील भरतीच्या वेळा, चिपळूण स्थानकापासूनचा मार्ग आणि खोलीचे दर असणे अधिक उपयुक्त. वेळा अद्ययावत ठेवणे शक्य नसेल, तर त्या देऊच नयेत. जुन्या वेळेवर विसंबून पर्यटक ओल्या खडकावर उतरतो.