विश्लेषण : बैलगाडीला चालणारं वंगण लाकडी रेसिंग कारला का चालत नाही?

मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या धर्माबाद परिसरात ज्यांच्या घरी बैलगाडी होती, त्यांना वंगण म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आख कोरडा पडला की चाक करकरतं आणि त्याचा ताण बैलांच्या खांद्यावर येतो. पण तेच वंगण वीतभर लाकडी कारला लावलं, तर ती रेंगाळते. असं का होतं?

ही शर्यत काय आहे?
अमेरिकेत या शर्यतीला ‘पाइनवुड डर्बी’ म्हणतात. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच इथे डॉन मर्फी यांनी कब स्काउट्सच्या मुलांसाठी ती सुरू केली. कारला इंजिन नसतं. उतारावरून ती स्वतःच्या वजनानं धावते. वजनाची मर्यादा ५ औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. शर्यत साधारण ३ सेकंदांत संपते. त्यामुळे निकाल बऱ्याचदा चाकं ठरवतात.

घर्षण नेमकं कुठे होतं?
चाकाच्या भोकात आणि आखात. इथे आख म्हणजे साधा खिळा. खिळ्याचा व्यास सुमारे २.२ मिलिमीटर, तर चाकाचा ३० मिलिमीटर. चाक आखाच्या १३ पटींहून मोठं असल्यानं आखावरच्या घर्षणाचा कडेला जाणवणारा अडथळा तितक्याच पटीनं कमी होतो. बैलगाडीचं चाक मोठं असण्याचा एक फायदा हाच.

मग वंगण का नको?
बैलगाडीवर क्विंटलमध्ये ओझं असतं. घट्ट वंगणाचा थर आख आणि चाक यांना एकमेकांवर घासू देत नाही. १४२ ग्रॅमच्या कारमध्ये मात्र वंगणाचा चिकटपणाच चाकाला धरून ठेवतो. शिवाय त्यावर धूळ बसते. म्हणून कोरडी ग्राफाइट पावडर वापरतात. ग्राफाइटमध्ये कार्बनचे थर असतात आणि ते एकमेकांवरून सहज सरकतात. पेन्सिलच्या शिशात मातीही मिसळलेली असते, त्यामुळे ते घासून केलेली पूड तितकी उपयोगी नाही.

चाकं तयार कशी करायची?
• खिळ्याच्या डोक्याखालचे कंगोरे बारीक कानशीनं काढा.
• आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरनं खिळा चकचकीत करा. ड्रिल मशीन वापरायचं असेल, तर ते मोठ्यांनीच हाताळावं.
• चाकाच्या कडेवर आणि भोकात राहिलेलं जादा प्लास्टिक काढा.
• भोकात ग्राफाइट घालून चाक बराच वेळ फिरवा, म्हणजे पावडर मुरेल.
• टेबलावर कार सोडून पाहा. ती एका बाजूला वळत असेल, तर आख तिरका आहे. तो सरळ करा, नाहीतर आधीची मेहनत वाया जाते.

फरक पडला हे कसं कळेल?
प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर चाकाला सारखीच टिचकी मारा. ते किती सेकंद फिरतं, ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा आणि वहीत लिहा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात कारइतकीच ही वहीही महत्त्वाची ठरेल. कार हरली, तरी ती का हरली याचं उत्तर वहीत सापडेल.