वाढत्या अंगाची सॅक

मुलांना कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत, हा आपल्या घरांतला जुना शिरस्ता. सदरा ढगळ असला म्हणून बिघडत नाही. पुढच्या दिवाळीलाही अंगाला येतो! हाच शहाणपणा मी भाच्याच्या सॅकच्या बाबतीत चालवला आणि सात वर्षांच्या पोराचे हाल केले.

जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली. त्या पावनखिंडीच्या वाटेने दर पावसाळ्यात पदयात्रा निघतात. भाच्यालाही ती वाट चालायची होती. म्हटले, आधी पन्हाळ्यापासून मसाई पठारापर्यंत सराव करू. महाद्वार रोडवर हिंडून भलीमोठी सॅक आणली. मग काय! चालताना ती पोराच्या मांड्यांवर आपटे, पट्टे खांद्यावरून घसरत. पठारावर पोहोचताच तो म्हणाला, “मामा, मी परत येणार नाही.” सॅकच्या किमतीपेक्षा ते वाक्य मला महाग पडले.

तेव्हा आईबापहो, मुलाला बरोबर घेऊनच दुकानात जा. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी जे हाड वर येते, तेथून कमरेच्या हाडापर्यंतचे अंतर मोजा. सॅकची पाठ याहून लांब नको. पट्टे रुंद, गादीचे आणि आखूड करता येणारे हवेत. छातीवरचा पट्टा ते घसरू देत नाही. कमरेचा पट्टा थोडा भार खांद्यांवरून उतरवतो. दुकानातच आत थोडे वजन घालून मुलाला चालायला, वाकायला सांगा.

आता ओझ्याचा हिशेब. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाने दप्तराची मर्यादा मुलाच्या वजनाच्या दहा टक्के ठरवली आहे. डोंगरातही तेच माप धरावे. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. त्यात लिटरभर पाणी म्हणजेच एक किलो! उरलेल्या किलोत डबा, रेनकोट आणि खुद्द सॅक. म्हणून रिकामी सॅक अर्ध्या किलोच्या आतली पाहावी. जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात. आपल्याकडच्या पावसात आतून एक प्लॅस्टिकची पिशवी घालावी, म्हणजे सुके कपडे सुकेच राहतात. बाकीचे ओझे मामाने वाहावे. मामा असतो कशाला?

यंदा बेताची सॅक घेतली आणि महत्प्रयासाने भाच्याला पुन्हा पठारावर नेले. या खेपेस तो पुढे आणि मी धापा टाकीत मागे! “मामा, खिंड अजून किती लांब?” त्याने विचारले. खिंड अजून पुष्कळ लांब होती. पण प्रश्न ऐकून बरे वाटले.

दोन वर्षांत ही सॅक त्याला आखूड होईल. होऊ दे. तोवर धाकट्या बहिणीच्या पाठीला ती बरोबर बसेल.