डब्यातल्या चिठ्ठ्या आणि सहासष्ट महिने

स्टीलच्या डब्यात बारा चिठ्ठ्या. घरातल्या सगळ्यात लहान पोराला पुढे करतात; तो डबा खळखळ हलवतो आणि एक घडी उचलतो. "लागली गं तुला!" पोह्यांच्या बशा फिरतात, प्रत्येकीचे हजार असे बारा हजार एका पर्समध्ये जातात. झाली या महिन्याची भिशी.

लहानपणापासून हे पाहत आलेय. पण त्यातली करामत कळली ती कागद-पेन्सिल घेऊन बसले तेव्हा.

समजा, बाराही जणींना बारा हजारांचं शिलाई मशीन घ्यायचंय आणि महिन्याला हजारच बाजूला पडतात. एकेकटीने साठवलं तर प्रत्येकीला बारावा महिना उजाडेपर्यंत थांबावं लागेल. भिशीत मात्र एकीचं मशीन पहिल्याच महिन्यात येतं, दुसरीचं दुसऱ्यात. शेवटचीचं बाराव्यात, म्हणजे एकटीने साठवून आलं असतं तेव्हाच. तिचं काही गेलं नाही आणि अकरा जणींचं काम आधी झालं. सगळ्यांचं थांबणं मिळवा: एकेकटीने १४४ महिने, भिशीत ७८. सहासष्ट महिने वाचले! बाहेरून रुपया आला नाही, कुणी व्याज भरलं नाही. एरवी बारा डब्यांत पडून राहिला असता तो पैसा दर महिन्याला कामाला लागला, एवढंच. टिमोथी बेसली, स्टीफन कोट आणि ग्लेन लाउरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली हेच गणित रीतसर मांडलं.

मेक्सिकोत भिशीला तांदा म्हणतात, इंडोनेशियात अरिसान, घानात सुसू. कुठल्याही सरकारने हुकूम काढून ती सुरू केली नाही.

आता हेच गणित सक्तीने करून पाहा. मालकाने प्रत्येकीच्या पगारातून हजार कापले आणि पाळीपाळीने वाटले, तर बेरीज तीच येईल. पण ती भिशी नव्हे, ती कपात. फरक कुठे पडतो? जूनमध्ये कुणाला शाळेची फी भरायचीय, कुणाकडे दिवाळीनंतर लग्न आहे, हे जिचं तिलाच ठाऊक. म्हणून चिठ्ठी निघाल्यावरही "माझा नंबर तू घे, मी तुझा घेते" अशी अदलाबदल होते आणि दोघींचंही भलं होतं. असं ज्ञान माणसामाणसांत विखुरलेलं असतं, ते कुणा एका डोक्यात मावत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख हायेक यांनी १९४५ च्या निबंधात सांगितलं. व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने याहून भक्कम मुद्दा मला माहीत नाही.

पहिल्या महिन्यात पैसे उचलणारी पुढचे अकरा हप्ते का भरते? स्टॅम्प पेपर नाही, जामीन नाही. कधीकधी भिशी बुडतेही. म्हणूनच कुणाला घ्यायचं हे बायका पारखून ठरवतात. आणि भरणारीलाही उद्या त्याच जिन्यात त्याच बायकांना तोंड दाखवायचं असतं. शब्द तिने स्वतःहून दिलेला असतो. तो पाळण्याचं ओझंही तिचंच.

फेरी संपली की विचारणं होतं, "पुढच्या वर्षी आहेस ना गं?" कुणी म्हणते, "यंदा नको, जमणार नाही." कुणी रागावत नाही, नाव वहीतून गळतं. त्या "नको"ला जागा आहे, म्हणूनच बाकीच्यांच्या "हो"वर बारा हजार निर्धास्त सोपवता येतात.