वार्धक्याची शुश्रूषा आणि शेजाऱ्याचे शिक्षण

झाशीचा सदर बाजार छावणीच्या आश्रयाने वाढला, आणि नारो शंकरांच्या सुभेदारीपासून बुंदेलखंडात स्थिरावलेली मराठी घराणीही याच शहराची. अशा शहरांतील तरुण पिढी चाकरीनिमित्त दूर गेली, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची तजवीज कोणी करावयाची, हा प्रश्न केवळ मायेने सुटत नाही. शुश्रूषेची विद्या रीतसर शिकावी लागते.

हलता न येणाऱ्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलली नाही, तर माकडहाडाशी व टाचांशी रक्तपुरवठा खुंटून शय्याव्रण होतो, आणि तो चिघळला की महिनोन्‌महिने भरत नाही. गिळण्यास त्रास होणाऱ्या वृद्धास निजल्या निजल्या पाणी पाजले, तर ते श्वासनलिकेत उतरण्याचे भय असते. आणि स्मृतिभ्रंश झालेली आजी एकच प्रश्न दहादा विचारते ते व्याधीमुळे, हे ज्यास कोणी सांगितले नाही असा मायाळू मुलगाही तिच्यावर खेकसतो.

परिचर्येचे काम कुलीन घरांत हलके लेखले जाई, त्या काळी रमाबाई रानडे यांनी १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाच्या द्वारे विधवांसाठी परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. पुढचे पाऊल केरळने टाकले. कोझिकोडला १९९३ साली उपशामक, म्हणजे असाध्य रुग्णांच्या वेदना शमविणाऱ्या, शुश्रूषेची संस्था निघाली, आणि २००१ च्या सुमारास तिच्या प्रेरणेने शेजाऱ्यापाजाऱ्यांची संघटना उभी राहिली. आठवड्यास निदान दोन तास देऊ शकणाऱ्या नागरिकांना तेथे सोळा तासांचे पाठ व चार दिवस प्रत्यक्ष रुग्णसेवा, असे शिक्षण मिळे. जखमेची मलमपट्टी व मूत्रनळीची देखभाल परिचारिकेकडे, तर विचारपूस, औषधांची आठवण आणि गरजू घरी शिधा पोहोचविणे स्वयंसेवकाकडे, अशी ही कामाची वाटणी होय.

वृद्धांच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारने २०१०-११ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आखला, आणि झाशीस १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेव्हा परिचारिकांनी मोहल्ल्यातील होतकरू माणसांना शिकविण्याचा असा उपक्रम येथे अशक्य मानण्याचे कारण नाही. मात्र त्या शिक्षणात स्वयंसेवकाने काय करू नये, आणि परिचारिकेस केव्हा बोलवावे, हा पाठ पहिला असावा. वर्षानुवर्षे रात्री जागणाऱ्या सुनेला आठवड्यातून एक दुपार निर्धास्तपणे विसावता आले, तरच ते शिक्षण सार्थकी लागले असे म्हणावे.