साखर दाखवा, जंतू पकडा

लघवीचं इन्फेक्शन झालं की कल्चर टेस्ट करतात. रिपोर्टला एक-दोन दिवस लागतात, तोवर डॉक्टरांना बऱ्याचदा अंदाजानेच अँटिबायोटिक द्यावं लागतं. अंदाज चुकला तर आजार लांबतो आणि जंतू आणखी निर्ढावतात.

मग जंतू पटकन पकडायचा कसा? ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे धागे असतात. त्यांच्या टोकाचं फिमएच हे प्रोटीन मॅनोज नावाच्या साखरेला चिकटतं. ही साखर आपल्या मूत्राशयाच्या पेशींवर असते, म्हणून तो तिथे ठाण मांडतो. मी कोडवाला, मला हे चक्क पासवर्डसारखं वाटतं!

२००७ मध्ये अमेरिकेत शुएफेई हुआंग यांच्या टीमने हाच पासवर्ड वापरला. लोखंडाच्या ऑक्साईडच्या नॅनोकणांना मॅनोज लावलं. जंतू चिकटले, लोहचुंबकाने ओढून घेतले. पाच मिनिटांत ओळख पटली, आणि द्रावणातले ८८ टक्क्यांपर्यंत जंतू बाहेर!

मारायचं असेल तर चांदीचे कण घ्यायचे. त्यातून सुटणारे आयन जंतूचं आवरण बिघडवतात.

पण आपल्या काही रोगप्रतिकारक पेशीही मॅनोज ओळखतात. त्यामुळे हे कण शरीरात सोडण्यापेक्षा टेस्ट ट्यूबमध्ये वापरणं सोपं. आणि खरी घाई तिथेच आहे, नाही का?